नवी आवृत्ती पाठवण्याआधी

प्रिय चिमे,

फोनवर तू घाईत असतेस आणि मी बोलायला लागले की भलतीकडेच भरकटते, म्हणून लिहितेय. बाबांसाठी केलेलं तुझं ॲप त्यांच्या फोनवर बसलं एकदाचं. तू पाठवलेली फाईल उघडली तर फोन म्हणे, हे ॲप धोकादायक असू शकतं. म्हटलं, माझ्या पोटच्या पोरीनं केलंय, तू गप बस. तरी दोनदा घाबरून 'रद्द करा' दाबलंच.

आता चाचणीचं. तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चालत असेल, पण बाबांच्या हातात गोष्ट वेगळी. उजवा हात अजून उठत नाही, आणि डावा अंगठा वरच्या बटणांपर्यंत पोचत नाही. 'पाणी' आणि 'दुखतंय' खाली घे. 'पंखा' लागोपाठ दाबला की ॲप बंदच पडतं.

अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेल्यापासून ते किती चिडचिडे झालेत, तुला ठाऊक आहे. लिहायला पाटी दिली तर भिरकावली. तुझं ॲप घातलेला फोनही आधी उशीखाली पडून होता. मला धास्ती वाटायची, हा माणूस आता काही मागायचंच सोडून देणार. मग परवा मी भांडी घासत होते, तर आतून तुझा आवाज आला, आई, पाणी दे. हातातलं पातेलं टाकून धावले. पलंगावर बाबा, हातात फोन, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

चाचणीपुरता तू स्वतःचा आवाज भरलास आणि सवयीनं प्रत्येक वाक्याला 'आई' जोडलंस. जन्मभर नुसतं 'अगं, ऐकलंस का' करणारा माणूस आता मला दिवसभर आई म्हणतो. आई, भूक लागली. आई, चष्मा कुठाय. शेजारीण हसून हसून बेजार. बाबाही हसतात, तोंड वाकडं होतं तरी हसतात. तहान नसतानाही 'पाणी' दाबतात आणि मी आले की मान हलवतात.

तू म्हणालीस, ही चूक नव्या आवृत्तीत काढते, पुरुषाचा नीट आवाज घालते. बाकीचं सगळं दुरुस्त कर, पण एवढी चूक राहू दे. बाबांना विचारलं, तर त्यांनी 'नको' दाबलं. नको ना गं आई, अगदी तुझ्याच हट्टी सुरात. आणि माझंही सांगते. तू गेल्यापासून या घरात मला आई म्हणणारं कुणी नव्हतं.

तुझीच, आणि हल्ली बाबांचीही,
आई