लोकरीला टांगलेला तांब्या

तळेगाव, मार्गशीर्ष. बुधवार, संध्याकाळ.

परंदवडीच्या धनगराकडून आणलेली लोकर मी दिवाळीपासून टकळीवर कातत होते. हे पहाटेच्या गाडीने लोणावळ्याला कामावर जातात, थंडीने कुडकुडतात, म्हणून स्वेटर विणायचा. आज सकाळी कोमट पाण्यात रिठा घालून लडी धुतल्या, न पिळता दांडीवर मोकळ्या सोडल्या आणि ताईकडे गेले. परत येऊन बघते तर काय! सासूबाईंनी लडींना पाण्याने भरलेला तांब्या टांगलेला. लोकर ताणून सुतळीसारखी वाळलेली!

"अगं, वेडीवाकडी झाली होती, सरळ केली. चरख्याच्या सुताला आम्ही असंच करायचो."

लोकर म्हणजे काय कापूस आहे? ताणून वाळवलेली लोकर पुन्हा भिजली की आखडतेच. विचारायचं तरी! आणि हे? कामावरून आले, त्याच तांब्यातलं पाणी गटागटा प्यायले आणि म्हणाले, "सरळच तर झालीय. रडायला काय झालं?"

कुणासाठी कातत होते मी?

पुन्हा भिजवून, वजन न लावता वाळवली तर सावरेल, ठाऊक आहे मला. नाही भिजवणार. अशीच विणणार. पहिल्या धुण्यात आटून स्वेटर बेंबीच्या वर चढला की मीही म्हणेन, "आखूडच तर झालाय. रडायला काय झालं?"