बाबांच्या घंटीची बॅटरी

दादा,

बाबांची फाइल न्यायला घरी आलेय, लगेच परत निघते. तुझा फोन लागत नाही.

बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. सकाळी बाथरूमला जायला एकटेच उठले आणि पडले. खुबा मोडलाय. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तू त्यांच्या उशाशी बसवलेली घंटी वाजली असती, तर धावत खाली आले असते.

ती आत्ता उघडून पाहिली. सर्किट तुझं झकास आहे, एक तार इकडची तिकडे नाही. फक्त आत बॅटरी नाही. ती तुझ्या टेबलावरच्या नव्या उद्योगात सापडली. दिवे छान लुकलुकताहेत. मी हात लावला नाही, तूच बंद कर. सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकलास, घेतलेली वस्तू जागेवर ठेवायला तेवढं शिकला नाहीस.

येताना बाबांचा चष्मा आण. आणि त्यांना यातलं काही सांगू नकोस. मघाशी नर्सला सांगत होते, "माझ्याकडूनच बटण नीट दाबलं गेलं नसेल. माझ्या मुलानं बनवलेली घंटी आहे, ती बिघडायची नाही."