प्रेसचं दुसरं बटण

कुरुळी,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रज्वलदादास,

नमस्कार. तू थोरला, म्हणून करायचा. आकुर्डीत सगळे मजेत असणारच, वहिनीच्या स्टेटसवर महाबळेश्वर दिसलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

ह्यांचे टाके निघाले. उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि आता तीच खाजतात! डॉक्टर म्हणाले, नस तुटली तरी मेंदूच्या हिशोबी बोटं अजून जागेवरच आहेत. हे हवेतच खाजवायला जातात, मग कसनुसं हसतात. मला रडू येतं.

तू मात्र दवाखान्यात सफरचंदं ठेवलीस आणि अक्कल पाजळलीस. ‘चटका बसला की हात आपोआप मागे येतो गं. ज्ञानदेवचा आला नाही, म्हणजे पेंगत होता.’ वा रे सुपरवायझर! मी डॉक्टरांना विचारलं. हात मागे येतो, खरंय. मेंदूची वाट न बघता मणक्यातूनच हुकूम सुटतो. पण त्याआधी चटका तर बसायला हवा ना? पत्र्यावर दाब मारणारी ती प्रेस काय चटका देऊन थांबते?

म्हणूनच तिला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली येणार. तू एक बटण चिकटपट्टीनं दाबून टाकलंस. एका हातानं माल लावा, दुसऱ्यानं बटण मारा, पीस जास्त निघतात! मी पॅकिंगच्या टेबलावरून बघितलंय. हे किंचाळले तेव्हा तू आधी पट्टी काढलीस आणि मग ह्यांच्याकडे धावलास. तेही बघितलंय.

आणि वर मलाच सांगतोस, सरकारी साहेब चौकशीला आले की ‘पेंगत होते’ म्हण. हे तर तयारही झालेत. म्हणतात, ‘तुझा भाऊ आहे, जाऊ दे.’ तुला टाचणी टोचली तर घर डोक्यावर घेतोस, आणि इथं माणसाचा हात गेला तरी तुझ्या अंगावर काटा येत नाही. कोडगा आहेस, दादा. शी!

सोमवारी साहेब येतायत. मी पट्टीचं सांगणार, तुझ्या तोंडावर. हे चिडतील, आई माझ्याशी बोलायची नाही. चालेल मला.

वहिनीला नमस्कार सांग.

सोमवारपर्यंत तुझी बहीण,
वर्षाली