पांढऱ्या ढिगाला वळसा

वॉटल गली,
मंगळवार, १३ सप्टेंबर १९८८

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. ॲडलेडची हवा मानवली, आत्याच्या हातचं सूप आवडायला लागलं, हे वाचून बरं वाटलं. इथे थंडी ओसरली आहे. कोंबड्या ठीक आहेत.

फोनवर मी एवढंच म्हणाले की खेळात एक मुलगी पडली. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

सोनं शोधायला इथे झुंबड उडाली त्या काळाचा इतिहास चौथीच्या मुलांना शिकवायला मी खजिनाशोध रचला होता. सोन्यासाठी माती पाण्यात कालवायच्या जुन्या चरापाशी, चिनी माळ्यांच्या विहिरीपाशी, अशा अकरा चिठ्ठ्या लपवल्या. सूचनांत टोप्या, पाणी, साप, सगळं लिहिलं. खाणीतून उपसलेल्या मातीचा पांढरा ढीग दिसला की वळसा घालायचा, हे मात्र लिहिलं नाही. ते मला कुणी कधी शिकवलं, आठवत नाही. बारा वर्षांची होईपर्यंत आपलं स्वयंपाकघर आणि ते रान हीच माझी शाळा. तुमचं बोट धरून चालताना पाय आपोआप वळायचे. वाटलं, सगळ्याच मुलांचे वळतात.

गावातली मुलं वळसा घालून गेली. मिला ढिगावर चढली आणि पलीकडे धावत उतरली. मेलबर्नहून येऊन तिला दोन महिने झालेत. चाळीस फूट खोल खड्डा, बाबा. आज सहा दिवस झाले, तिने डोळे उघडलेले नाहीत.

हॅलोरन बाई शाळेतर्फे माझी बाजू घेताहेत. "पोरी, तो खड्डा कुठल्याच नकाशात नव्हता. तुला काय स्वप्न पडणार होतं?" गुरुवारच्या चौकशीत सगळे हेच सांगणार आहेत.

काल इस्पितळात मिलाच्या आईने मला चहा आणून दिला. म्हणाली, "तुम्ही रोज येता. बाकी कुणी फिरकत नाही." मी तो प्यायले.

आपल्याला तो खड्डा माहीत होता. मी नऊ वर्षांची होते. आपण दोघांनी त्यावर रेल्वेरुळांखालचे लाकडी स्लीपर टाकले, वर माती पसरली. खाण-कचेरीत कळवायचं का, असं मी विचारलं होतं. तुम्ही हसलात. "कळवलं की कुंपण घालतील, मग रविवारी सोनं कुठे चाळायचं, तुझ्या आजीच्या परसात?"

आणि हे तुम्हालाही माहीत नाही. चिठ्ठी ठेवायला गेले, तेव्हा वरची माती खचलेली मी पाहिली. पाहिली आणि वळसा घालून पुढे गेले.

गुरुवारी हे सगळं तुमचं नाव वगळून सांगता येतं का, हे चार वेळा लिहून पाहिलं. येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एकटीला स्लीपर उचलवत नाही.

फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला तर मी गप्प बसेन.

गुरुवारनंतरही तुमचीच मुलगी,
कॅरिन