फणसाचा चीक

मंगळवार, संध्याकाळ. करी रोड.

आज सायलीवर ओरडलो, तेही तिच्या बाबांसमोर. त्यांच्या घरच्या गणपतीचा पाट माझ्याच मशीनवर कापायचा, हा हट्ट माझा. त्यासाठी बाबांनी गावच्या फणसाचा ओंडका टेम्पोतून आणला.

मशीन मीच बनवलेलं. स्कूटरची दोन चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारं करवतीचं पातं. पण पातं सरळ जाईचना. फळी निघाली ती लाटांसारखी. पातं ताणलं, चाकं पुन्हा बसवली, तरी तेच.

सायली म्हणाली, "अरे, पात्याला चीक धरलाय. फणस कापताना सुरीला तेल लावतो ना आपण? तसं लाव की."

"हे मशीन आहे, तुझं स्वयंपाकघर नाही! इंजिनीअरिंग मी शिकलोय की तू?"

"दुसऱ्या वर्षाला सोडलंस तेच ना रे?"

बाबा हसलेसुद्धा नाहीत. "उरलंय त्यात एकच पाट होईल," एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन गेले.

का ओरडलो मी? तिला आवडावं म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं ना?

ते गेल्यावर दार लावलं, कुणी बघायला नको म्हणून. पातं पुसून खोबरेल लावलं. सरळ गेलं. एकदम सरळ.

पाट सुरेख झालाय, पण त्याला खोबरेलाचा वास येतोय. उद्या हातात घेतल्याबरोबर तिला कळणार. मघाशी वास घालवायला रंधा उचलला होता. ठेवून दिला. येऊ दे तिला वास. तोंडाने काही मला बोलता यायचं नाही.