दहा वाजून दहा मिनिटांचे फोटो

३ नोव्हेंबर

आठ घड्याळं! दुकानाची पेटी उपसली तर तळाशी आठ मनगटी घड्याळं निघाली. लोकांनी दुरुस्तीला दिली आणि न्यायला आलेच नाहीत. चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या, त्याबरोबर नावंही गेली. मोतीबिंदूमुळे महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरवलं आहे. पण लोकांची वस्तू पेटीत ठेवून शटर कसं ओढू? आंधळगावात पन्नास वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नाही. आता म्हणतील.

सून करुणा म्हणाली, "बाबूजी, फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकू. ज्याची त्याले ओळखू येईल." पण तिची एक अट — काटे दहा वाजून दहा मिनिटांवर पाहिजेत. म्हणे जाहिरातीत तसेच असतात. वरचं कंपनीचं नाव मोकळं दिसतं आणि घड्याळ हसल्यासारखं वाटतं.

घड्याळ कशाला हसेल? त्याचा मालक हरवला आहे!

४ नोव्हेंबर

कालपासून डोक्यात तेच. दुपारी तीन वाजता घड्याळात दहा-दहा दाखवायचे, हे खोटं झालं. उस्तादांनी शिकवलं होतं, घड्याळ दुकानाबाहेर जाताना त्यात खरी वेळ पाहिजे. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, माझ्याजवळ तेवढी एकच विद्या आहे. करुणाला सांगितलं — फोटो काढीन, पण सकाळी खरोखर दहा वाजून दहा होतील तेव्हाच.

"एका मिनिटात आठ फोटो, बाबूजी?"

"एका दिवसाले एक."

आतून रुखमिणी ओरडली, "करू दे वं पोरी त्यायले! आठ दिवस माह्या मागची कटकट तरी जाईल."

पन्नास वर्षांच्या संसाराचं हे फळ.

५ नोव्हेंबर

नऊपासून तयार होतो. काच पुसली, चावी दिली, मोबाईलशी वेळ जुळवली. दहा वाजून नऊ — आणि गावातला रिकामटेकडा भैय्यालाल पायरीवर! "तुलाराम, किती वाजले गा?"

समोर भिंतभर घड्याळं टांगलेली आहेत. तरी विचारतो! सांगेपर्यंत दहा-अकरा झाले.

६ नोव्हेंबर

जमला! फक्त काचेत माझं नाक आलं आहे.

७ नोव्हेंबर

दहा-बारा झाले. बाद.

११ नोव्हेंबर

चार फोटो ग्रुपवर गेले, तीन मालक मिळाले. एक जण तर रडायलाच लागला, त्याच्या वडिलांचं होतं. पण मग विनोद नावाच्या पोराने ग्रुपवर लिहिलं, "काका, तुमच्या दुकानात साऱ्या घड्या दहा-दहालेच बंद पडतेत का?" खाली अकरा हसरी तोंडं.

हीच भीती होती! मी खरी वेळ धरून बसलो आणि गाव म्हणतं, घड्याळं बंद आहेत.

१६ नोव्हेंबर

सात गेली, एक उरलं. पांढरी डायल, पट्टा सडलेला, मागून उघडून तेल दिलं तेव्हा कुठे चालू लागलं. असं घड्याळ त्या काळी घरोघरी असायचं. याचा फोटो तीनदा टाकला, कोणीच ओळखत नाही. भैय्यालाल मात्र म्हणतो, "माहीच आहे."

खूण विचारली.

म्हणाला, "दोन काटे आहेत."

दिलं नाही.

१७ नोव्हेंबर

भैय्यालालने चहाच्या टपरीवर सांगितलं — तुलारामने घडी दाबली! दाबली!! पानवाल्याने आज मला रामराम केला, पण जरा उशिरा केला. माझ्या लक्षात आलं.

१९ नोव्हेंबर

मालक वारला असेल का? त्याची पोरं उद्या येऊन काय म्हणतील? करुणा म्हणाली, "ठेवून घ्या न तुमच्याजवळच, एवढं काय त्याचं?" तेच तर! ठेवलं की मी चोर ठरलो. सांगून टाकलं, मालक भेटल्याशिवाय दुकान बंद करणार नाही.

"मंग बसा तिथंच मरेपर्यंत," रुखमिणी म्हणाली. "डबा पाठवून देईन."

२२ नोव्हेंबर

खूण सापडली!! सकाळी चावी दिलेलं घड्याळ आज तसंच चालू ठेवलं होतं. दुपारी भिंग लावून पाहतो तो दोनच्या आकड्याजवळ मोहरीएवढा गंजाचा डाग. इतके दिवस मी हे घड्याळ फक्त दहा-दहालाच निरखत होतो, आणि तेव्हा मिनिटकाटा नेमका डागावर येऊन बसतो. फोटोतही डाग झाकलेला. म्हणजे मालकाने ओळखावं म्हणून काढलेल्या फोटोत मीच खूण लपवून ठेवली होती! कपाळाला हात लावला.

लगेच फोटो काढला. चार वाजायला वीस मिनिटं होती, तीच वेळ फोटोत आली. दोन्ही काटे खाली पडलेले. करुणा फोटो पाहून म्हणाली, "बाबूजी, आता घडी रडून राहिली."

रडू दे. डाग तर दिसतो!

२३ नोव्हेंबर

मालक सापडला. मीच.

करुणाने तो फोटो रुखमिणीला दाखवला. तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं. "हा डाग तर करडीच्या बोडीतला होय." लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासुरवाडीला, करडी गावी, मासे धरायचा थाट करून मी तिथल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पडलो होतो. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या घड्याळात पाणी गेलं आणि डाग पडला. नीट करू म्हणून बाजूला ठेवलं, आणि गिऱ्हाइकांच्या कामात विसरलो.

सासरे गेले ते जावयाने घड्याळ विकून खाल्लं असं धरूनच. माहेरी जो कोणी विचारेल त्याला रुखमिणी आजवर सांगत आली — विकलं नाही, दुरुस्तीला टाकलं आहे.

आज म्हणाली, "मले वाटे, मी तुमच्यासाठी खोटं बोलून राहिली."