आठ झाले होते

बिरसी विमानतळ, ३ नोव्हेंबर १९४४
आज पुन्हा टपालाची फेरी. मेसमध्ये सगळे इंग्रजीत हसतात, मीही वेळेवर हसतो. मराठी फक्त तुकारामशी. हा माझ्या विमानाचा मिस्त्री, इथल्याच धानकऱ्यांच्या घरचा. उडण्याआधीच्या आठ तपासण्या मी तोंडपाठ म्हणतो, तो पंखाशी उभा राहून मोजतो. पहिलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. विचारलं तर, "काऊन जी, धान मोजताना एक म्हनते का कोनी?"

८ नोव्हें.
तपासण्यांची यादी लिहून नेली होती. तळाच्या मोठ्या साहेबांनी सर्वांसमोर फाडली. ज्याला पाठ होत नाही त्यानं कचेरीत बसावं, म्हणाले. कान तापले. उडणं गेलं तर माझ्याजवळ उरतं काय?

१४ नोव्हें.
धावपट्टीवरून जेमतेम वर उठलो आणि इंजिन गप्प. समोरच्या कापणी झालेल्या धानाच्या बांधीत विमान उतरवलं. चाक मोडलं, मी धड. पाहतो तर पेट्रोलची चावी बंद. नळीतल्या पेट्रोलवर उडालो होतो! लोक धावत यायच्या आत हात गेला आणि चावी उघडली. का उघडली

१५ नोव्हें.
चौकशी. तुकाराम म्हणाला, "या साहेबाचे आठ झाले होते जी. मी मोजून राहिलो होतो."
खरंच बोलला. आठ झालेच होते. पट्टा मी दोनदा म्हटला, चावी एकदाही नाही. चावीही उघडीच सापडली. म्हणजे मी निर्दोष, दोष इंजिनाचा, म्हणजे मिस्त्रीचा. मी गप्प बसलो. भित्रा.

१७ नोव्हें.
तुकारामला काढलं. जाताना म्हणाला, "तुमी वाचले, बस झालं. माह्याच हातून काई राह्यलं असन."
जेवलो नाही.

२१ नोव्हें.
नवा मिस्त्री कामापुरतं बोलतो, तेही हिंदीत. चार दिवसांत मराठीचा शब्द तोंडातून गेला नाही. तुकारामचं घर धावपट्टीवरून दिसतं. गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

२२ नोव्हें., सकाळ
नवी यादी लिहून विमानात बसलो. साहेब बघत होते, तरी पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबलो. 'लाभ' म्हणणारं कोणी नव्हतं. इंजिन सुरू न करताच उतरलो.
साहेबांच्या कचेरीबाहेर बाकावर बसून हे लिहितोय. चावी मी उघडली नव्हती, पडल्यावर उघडली, तुकारामचा दोष नाही. चार ओळी कागदावर उतरवल्यात. पाठ म्हणायला गेलो तर नेमकी चावीचीच ओळ गाळीन. वाचूनच दाखवायचं.
आतून हाक अजून आली नाही.